'डिजिटल अटक' कायद्यात नाहीच. फसवणूक ओळखावी कशी आणि पैसे गेल्यास पहिल्या तासात काय करावे?

नवी दिल्ली : दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून कोणालाही अटक करण्याची तरतूद भारतातील एकाही कायद्यात नाही. तरीही 'डिजिटल अटक' या बनावट शब्दाच्या धाकाने निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँक अधिकारी आणि उद्योजक यांनी आयुष्यभराची पुंजी अनोळखी खात्यांत वळती केल्याची प्रकरणे देशाच्या जवळपास सर्व भागांत नोंदली गेली आहेत. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सायबर गुन्हेगारांनी २०२४ या एका वर्षात नागरिकांचे २२,८४५ कोटी रुपये लुबाडले. २०२३ मध्ये हाच आकडा ७,४६५ कोटी रुपये होता. एका वर्षात ही रक्कम तिपटीहून अधिक झाली.

या फसवणुकीची रूपे सतत बदलतात. कधी कुरिअरमधील अमली पदार्थांचे कारण पुढे केले जाते, कधी थकलेल्या वीजबिलाचे, तर कधी शेअर बाजारातील खात्रीच्या नफ्याचे. मात्र तिची बांधणी फारशी बदलत नाही. भय किंवा लोभ निर्माण करणे, विचाराला वेळ न देणे, घरच्यांपासून तोडणे आणि मग पैसे मागणे हा क्रम बहुतेक प्रकरणांत सारखाच आढळतो. हा क्रम ज्याला ठाऊक आहे, त्याला फसवणुकीचा प्रत्येक नवा प्रकार स्वतंत्रपणे पाठ करावा लागत नाही.

भीतीचा चार अंकी खेळ

'डिजिटल अटके'ची सुरुवात साध्या दूरध्वनीने होते. 'आपल्या नावाने परदेशी पाठविलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत', 'आपल्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डाचा गुन्ह्यात वापर झाला आहे' किंवा 'आपल्या बँक खात्यातून काळ्या पैशांचे व्यवहार झाले आहेत' असे सांगितले जाते. बोलणारा स्वतःला कुरिअर कंपनीचा, दूरसंचार विभागाचा किंवा बँकेचा कर्मचारी म्हणवतो. त्याचा सूर नम्र असतो आणि तो मदतीची तयारीही दाखवतो.

दुसऱ्या टप्प्यात हा कॉल 'पोलिसांकडे' जोडला जातो. मुंबई गुन्हे शाखा, केंद्रीय अन्वेषण विभाग, सक्तवसुली संचालनालय, सीमाशुल्क विभाग ही नावे यासाठी सर्रास वापरली जातात. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील व्यक्ती, मागे पोलीस ठाण्यासारखी सजावट, भिंतीवर बोधचिन्ह आणि पार्श्वभूमीला वायरलेसचे आवाज असतात. आधार क्रमांकाचे शेवटचे आकडे, घरचा पत्ता, बँकेचे नाव अशी काही माहिती समोरच्याकडे आधीच असते. ती खरी निघाल्यामुळे ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. वास्तविक अशी माहिती अनेक मार्गांनी बाहेर फुटते, त्यामुळे ती जवळ असणे हा अधिकाराचा पुरावा ठरत नाही.

तिसऱ्या टप्प्यात बनावट अटक वॉरंट, गोठवणुकीचे आदेश आणि न्यायालयाचे शिक्के असलेली कागदपत्रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविली जातात. 'हे राष्ट्रीय सुरक्षेचे प्रकरण आहे, घरात कोणालाही सांगितल्यास त्यांनाही आरोपी करू' अशी ताकीद दिली जाते. कॅमेरा सुरू ठेवण्याचा, खोलीबाहेर न जाण्याचा, झोपतानाही फोन समोर ठेवण्याचा हुकूम सुटतो. काही जण या अवस्थेत काही तास, काही जण अनेक दिवस राहिले आहेत.

चौथा टप्पा पैशांचा. 'आपली रक्कम वैध आहे की नाही हे तपासण्यासाठी ती रिझर्व्ह बँकेच्या किंवा न्यायालयाच्या सुरक्षित खात्यात भरा, चौकशीनंतर परत मिळेल' असे सांगितले जाते. मुदत ठेवी मोडल्या जातात, म्युच्युअल फंडातील गुंतवणूक काढली जाते, प्रसंगी सोन्यावर कर्जही काढले जाते. ज्या क्षणी पैसे संपतात, त्या क्षणी 'अटक'ही संपते.

पंजाबमधील लुधियाना येथील एका ज्येष्ठ उद्योजकाकडून २०२४ मध्ये अशाच रीतीने ७ कोटी रुपये उकळण्यात आले. त्यांच्यासमोर चक्क सर्वोच्च न्यायालयाच्या बनावट ऑनलाइन सुनावणीचा देखावा उभा करण्यात आला होता. तक्रारीनंतर त्यातील मोठी रक्कम पोलिसांनी गोठवून परत मिळवून दिली. पण असे यश प्रत्येक तक्रारदाराच्या वाट्याला येत नाही.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. या संहितेनुसार अटक करताना पोलीस अधिकाऱ्याने संबंधित व्यक्तीला प्रत्यक्ष ताब्यात घ्यावे लागते. अधिकाऱ्याच्या नावाची ओळख स्पष्ट दिसेल अशी असावी लागते. अटकेचा पंचनामा तयार करावा लागतो आणि त्यावर कुटुंबातील सदस्याची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून स्वाक्षरी घ्यावी लागते. अटकेची माहिती नातेवाइकांना किंवा मित्राला देण्याचा हक्क त्या व्यक्तीला असतो. अटक झालेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचे बंधन तर थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे.

याचा अर्थ असा की, खऱ्या अटकेत कुटुंबाला कळविणे हा कायदेशीर हक्क असतो, तर खोट्या अटकेत कुटुंबापासून लपविण्याची सक्ती केली जाते. 'कोणाला सांगू नका' हे वाक्य ऐकताच समोरची व्यक्ती पोलीस नाही, असे समजण्यास हरकत नाही.

ज्येष्ठ नागरिक आणि महिलांसाठी आणखी एक तरतूद लक्षात ठेवण्याजोगी आहे. एखाद्या प्रकरणात साक्षीदार म्हणून जबाब हवा असल्यास ६० वर्षांवरील पुरुषांना, तसेच महिलांना त्यांच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती वगळता महिलांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही.

नोटिशीबाबतही स्थिती स्पष्ट आहे. चौकशीला हजर राहण्यासाठी संहितेच्या कलम ३५ अन्वये द्यावयाची नोटीस व्हॉट्सअ‍ॅप किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक माध्यमातून बजावणे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. न्यायालयांच्या काही सुनावण्या दूरदृश्य प्रणालीद्वारे होतात, हे खरे. मात्र सुनावणीच्या ओघात कोणतेही न्यायालय नागरिकाला एखाद्या खासगी खात्यात पैसे भरण्यास सांगत नाही. रिझर्व्ह बँकही सामान्य नागरिकांची खाती ठेवत नाही. त्यामुळे 'रिझर्व्ह बँकेच्या तपासणी खात्यात पैसे भरा' ही मागणी मुळातच अशक्य कोटीतील आहे.

हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याची न्यायालयाच्या बनावट आदेशांच्या आधारे एक कोटी रुपयांहून अधिक रकमेची फसवणूक झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी देशभरातील 'डिजिटल अटक' प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्याचे निर्देश न्यायालयाने दिले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' कार्यक्रमात या फसवणुकीचा उल्लेख करून थांबणे, विचार करणे आणि मग कृती करणे अशी त्रिसूत्री मांडली होती.

शिकलेली माणसे का फसतात?

अशा बातम्या वाचल्यानंतर 'इतके शिकलेले असूनही कसे फसले?' असा प्रश्न सहज विचारला जातो. हा प्रश्न फसलेल्या व्यक्तीवर अन्याय करणारा आहे आणि तपासाच्या दृष्टीनेही घातक आहे. कायदा पाळणाऱ्या, बदनामीला भिणाऱ्या आणि सरकारी यंत्रणेचा मान राखणाऱ्या माणसावरच हा सापळा अधिक परिणामकारक ठरतो. सतत चालू असलेला कॉल, बदलत जाणारे 'अधिकारी' आणि मिनिटामिनिटाची मुदत यांमुळे शांतपणे विचार करण्याची उसंतच मिळू दिली जात नाही.

फसविणाऱ्यांची यंत्रणाही मोठी आहे. एकेकाळी अशा गुन्ह्यांसाठी झारखंडमधील जामताडा किंवा राजस्थान-हरियाणा सीमेवरील मेवातचा परिसर यांची नावे घेतली जात. आता कंबोडिया, म्यानमार आणि लाओसमधील बंदिस्त संकुलांतूनही भारतीयांना लक्ष्य केले जाते. तेथे काम करणाऱ्यांत नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबून ठेवलेले भारतीय तरुणही आहेत. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरील अशा केंद्रांतून सुटका झालेल्या सुमारे साडेपाचशे भारतीयांना विमानांनी मायदेशी आणण्यात आले. आग्नेय आशियात 'डेटा एन्ट्री' किंवा 'ग्राहक सेवा' अशी भरघोस पगाराची नोकरी देऊ करणारी अनोळखी मंडळी हा या साखळीचाच पहिला दुवा असू शकतो.

भाषेचा मुद्दाही मराठी वाचकांसाठी महत्त्वाचा आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला 'मुंबई पोलिसां'कडून अस्खलित मराठीत फोन आला, तर आपलेपणाने विश्वास बसण्याचा संभव असतो. परंतु नाव-गाव आणि आडनावावरून भाषा निवडणे गुन्हेगारांना अवघड नाही. आपल्या भाषेत बोलणारा माणूस आपला असतोच असे नाही.

मोबाइलमधील पैसा : तीन साधे नियम

यूपीआय व्यवहारांतील फसवणूक टाळण्यासाठी पहिला नियम असा की, पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. जुने फर्निचर विकत घेणारा 'ग्राहक', परतावा देणारी 'कंपनी' किंवा चुकून पैसे पाठविल्याचे सांगणारी व्यक्ती क्यूआर कोड पाठवून पिन टाकण्यास सांगत असेल, तर पैसे येणार नसून जाणार आहेत. याच कारणास्तव राष्ट्रीय देयक महामंडळाने व्यक्ती-व्यक्तींमधील पैसे मागविण्याची 'कलेक्ट' सुविधा १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली.

दुसरा नियम असा की, व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा संदेशातील दुव्यावरून आलेले कोणतेही अ‍ॅप मोबाइलमध्ये घेऊ नये. वाहतूक नियमभंगाचे चलन, शेतकरी सन्मान निधी, बँकेचे केवायसी, इतकेच काय पण लग्नाची पत्रिका अशा नावांनी 'एपीके' प्रकारच्या फायली पाठविल्या जातात. त्या उघडल्यास मोबाइलवरील संदेश आणि ओटीपी परस्पर गुन्हेगारांकडे जाऊ लागतात. पत्रिका म्हणून छायाचित्र किंवा पीडीएफ येते. पत्रिका पाहण्यासाठी अ‍ॅप घ्यावे लागत नाही. चलनाची खातरजमा परिवहन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून करता येते.

तिसरा नियम असा की, फोनवरील व्यक्तीच्या सांगण्यावरून मोबाइलचा पडदा कोणालाही दाखवू नये. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी साधने स्वतः गैर नाहीत. परंतु 'मी तुमची अडचण दुरुस्त करून देतो' असे सांगून ती घ्यायला लावली गेल्यास बँकेचे अ‍ॅप, पिन आणि संदेश समोरच्याला दिसू शकतात. 'आज रात्री वीज तोडली जाईल' असा संदेश असो वा निवृत्तिवेतनधारकांना 'हयातीचा दाखला फोनवरच अद्ययावत करतो' असे सांगणारा कॉल असो, त्याचा शेवट बहुधा अशाच मागणीत होतो. अशा वेळी फोन ठेवून बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन संपर्क साधणे हा खात्रीचा मार्ग आहे. इंटरनेटवर शोधून मिळालेला 'ग्राहक सेवा क्रमांक' बनावट असू शकतो.

लोभाचे गणित

भीतीखालोखाल वापरले जाणारे शस्त्र लोभाचे. शेअर बाजारातील बनावट गुंतवणुकीत व्यक्तीला व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवरील गटात घेतले जाते. तेथे नामांकित तज्ज्ञांची छायाचित्रे, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या त्यांच्या चित्रफिती आणि रोज नफा झाल्याचे सांगणारे 'सदस्य' असतात. त्यांतील बहुतेक जण त्याच टोळीचे असतात. मग एक अ‍ॅप दिले जाते. त्यात भरलेली रक्कम दिवसागणिक वाढताना दिसते. सुरुवातीला थोडे पैसे काढूही दिले जातात. मोठी रक्कम काढायची वेळ आली की 'आधी कर भरा', 'आधी शुल्क भरा' अशा मागण्या सुरू होतात.

येथे तपासणी सोपी आहे. खरोखर समभाग खरेदी झाले असतील, तर ते गुंतवणूकदाराच्या डिमॅट खात्यात जमा होतात आणि एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून येणाऱ्या एकत्रित विवरणपत्रात दिसतात. केवळ अ‍ॅपच्या पडद्यावर दिसणारा नफा म्हणजे रंगविलेला आकडा. शिवाय दलालाने पैसे देण्यापूर्वी 'कराची रक्कम आगाऊ भरा' असे सांगण्याची पद्धत अस्तित्वात नाही.

घरबसल्या कामाच्या नावाखाली होणारी फसवणूक याच जातीची आहे. चित्रफितीला पसंती देणे किंवा हॉटेलला अभिप्राय लिहिणे यासाठी प्रथम शे-दोनशे रुपये दिले जातात. त्यानंतर मोठे 'काम' मिळविण्यासाठी आधी पैसे भरण्यास सांगितले जाते. काम देणारा पैसे देतो, घेत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

साखळी पद्धतीच्या योजना जुन्या असल्या तरी त्यांचा फटका कमी झालेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दागिने आणि कृत्रिम रत्नांच्या विक्रीच्या आडून साप्ताहिक परताव्याचे आमिष दाखविणाऱ्या एका कंपनीची दालने बंद पडली आणि दादर येथे गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. त्यांत भाजीविक्रेते, छोटे दुकानदार, कर्ज काढून पैसे गुंतविलेले नोकरदार होते. अशा योजनेचे गणित कागदावर मांडून पाहिले तरी ती टिकू शकत नाही हे कळते. आठवड्याला ६ टक्के परतावा म्हणजे वर्षाला साध्या हिशेबाने ३१२ टक्के. तोच परतावा पुन्हा गुंतवत गेल्यास १ लाख रुपयांचे वर्षअखेर २० लाखांहून अधिक व्हावे लागतील. इतका नफा देणारा कोणताही वैध व्यवसाय नाही. जुन्या गुंतवणूकदाराला मिळणारे पैसे नव्या गुंतवणूकदाराच्या खिशातून येतात. नवे लोक यायचे थांबले की डोलारा कोसळतो. शेजाऱ्याला पैसे मिळाले म्हणून योजना खरी, असे त्यामुळेच म्हणता येत नाही.

अनियंत्रित ठेव योजनांवर केंद्राच्या २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी १९९९ चा स्वतंत्र कायदा असून त्याअन्वये वित्तीय संस्थेची व तिच्या चालकांची मालमत्ता जप्त करता येते. एखादी संस्था ठेवी स्वीकारण्यास पात्र आहे की नाही, याची माहिती रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर मिळते. संशयास्पद योजनेची तक्रारही तेथेच करता येते.

पैसा जातो कुठे?

फसवणुकीची रक्कम थेट सूत्रधाराच्या खात्यात जात नाही. ती प्रथम 'भाड्याच्या' खात्यांत पडते. ही खाती बहुधा विद्यार्थी, बेरोजगार तरुण, मजूर यांच्या नावावर असतात. दरमहा काही हजार रुपये किंवा व्यवहारावर दलाली देण्याच्या बोलीवर त्यांचे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड ताब्यात घेतले जाते. एका खात्यात आलेली रक्कम काही मिनिटांत अनेक खात्यांत विभागली जाते आणि पुढे रोख किंवा आभासी चलनात बदलली जाते.

आपले खाते दुसऱ्याला वापरू देणे ही 'बिनभांडवली कमाई' वाटत असली, तरी पोलीस सर्वप्रथम याच खातेदाराच्या दारात पोहोचतात. फसवणुकीला साह्य केल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल होऊ शकतो. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलामुलींना ही गोष्ट पालकांनी आणि महाविद्यालयांनी वेळीच सांगणे आवश्यक आहे.

पडताळणीची नवी साधने

खरे आणि खोटे वेगळे करण्यासाठी गेल्या काही काळात काही व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. बँका आणि वित्तीय संस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी '१६००' ने, तर जाहिरातीच्या कॉलसाठी '१४०' ने सुरू होणारी क्रमांकमालिका ठरविण्यात आली आहे. साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून 'बँकेतून बोलतो' असे सांगणाऱ्याकडे संशयानेच पाहावे. बँकांच्या संकेतस्थळांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा स्वतंत्र पत्ता राखून ठेवण्यात आला असून, पत्त्याच्या शेवटी तो आहे का हे पाहता येते.

शेअर बाजारातील नोंदणीकृत दलाल आणि म्युच्युअल फंड यांना पैसे देण्यासाठी सेबीने ऑक्टोबर २०२५ पासून पडताळणी केलेले यूपीआय पत्ते सुरू केले आहेत. या पत्त्यांत 'व्हॅलिड' हा शब्द आणि त्यापुढे बँकेचे नाव असते. 'सेबी चेक' या सुविधेतून खाते क्रमांक आणि यूपीआय पत्ता तपासून घेता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित मोबाइल क्रमांक किंवा खाते आधी कोणी कळविले आहे का, हे शोधण्याची सोय आहे. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर आपल्या नावाने किती सिमकार्डे सुरू आहेत ते पाहता येते, तर तेथील 'चक्षू' सुविधेतून संशयास्पद कॉल व संदेश कळविता येतात.

पैसे गेलेच तर : प्रत्येक मिनिट मोलाचे

फसवणूक लक्षात आल्यावर सर्वप्रथम १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या यंत्रणेशी बँका आणि पोलीस जोडलेले आहेत. तक्रार नोंदली जाताच रक्कम ज्या खात्यात गेली त्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असल्यास गोठविली जाते. ती पुढे गेली असेल, तर पुढच्या बँकेला सूचना जाते. पैसा आणि तक्रार यांची ही शर्यत असते. त्यामुळेच पहिला तास निर्णायक मानला जातो. उशीर झाला म्हणून मात्र तक्रार टाळू नये.

दूरध्वनी करताना व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात किंवा यूपीआय पत्त्यावर पैसे गेले त्याचा तपशील जवळ ठेवावा. त्यानंतर सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार नोंदवावी. आपल्या बँकेला त्याच वेळी कळवून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करून घ्यावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. संभाषणे, कॉलची नोंद, पाठविलेली कागदपत्रे यांतील काहीही पुसून टाकू नये; लाजेपोटी पुसलेला संदेश हाच पुष्कळदा महत्त्वाचा पुरावा असतो. गुन्हा कोठेही घडला असला, तरी 'शून्य' क्रमांकाने प्रथम माहिती अहवाल कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येतो. नोकरीनिमित्त गावापासून दूर असलेल्या कुटुंबांसाठी ही तरतूद विशेष उपयोगी आहे.

बँकेच्या जबाबदारीविषयी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक महत्त्वाचे आहे. बँकेची चूक नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, दोष यंत्रणेत अन्यत्र असेल, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना बँकेकडून संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर कोणताही भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास भाराची कमाल मर्यादा खात्याच्या प्रकारानुसार ठरते. सर्वसाधारण बचत खात्यासाठी ती १०,००० रुपये आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असल्यास बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळविल्यानंतर झालेले नुकसान मात्र बँकेचे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

धाकाखाली का होईना, पण ग्राहकाने स्वतःच्या हाताने पाठविलेली रक्कम 'अनधिकृत व्यवहार' ठरविणे कठीण असते. अशा प्रकरणांत गोठविलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने परत मिळविणे हाच प्रमुख मार्ग उरतो. त्यास वेळ लागतो आणि पूर्ण रक्कम मिळेलच असे नाही. म्हणूनच पैसे पाठविण्यापूर्वीच्या पाच मिनिटांचे मोल पुढच्या पाच महिन्यांच्या धावपळीपेक्षा अधिक आहे.

पहिल्या फसवणुकीनंतर दुसरीचा धोका असतो, याचीही जाणीव ठेवावी. 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त शुल्क भरा' असे सांगणारे 'वकील' किंवा 'सायबर तज्ज्ञ' काही दिवसांनी संपर्क साधतात. फसलेल्यांच्या याद्या या टोळ्यांमध्ये विकल्या जातात. तक्रार नोंदविण्यासाठी १९३० किंवा पोर्टलवर कोणतेही शुल्क नाही.

घरातील संवाद हीच पहिली तटबंदी

या गुन्ह्याचा सारा डोलारा माणसाला एकटे पाडण्यावर उभा असतो. त्यामुळे सर्वांत परिणामकारक उपाय घरातच आहे. मोठी रक्कम पाठविण्यापूर्वी घरातील दुसऱ्या व्यक्तीशी बोलायचेच, असा नियम प्रत्येक कुटुंबाने करावा. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांनी आई-वडिलांशी या विषयावर आधीच बोलून ठेवावे. 'मुलाला अपघात झाला, ताबडतोब पैसे पाठवा' अशा कॉलमध्ये आता आवाजाचीही नक्कल होऊ शकते. त्यासाठी घरच्यांनाच ठाऊक असेल असा एखादा सांकेतिक शब्द ठरविता येतो. दैनंदिन खर्चाचे खाते आणि बचतीचे खाते वेगळे ठेवणे, यूपीआय व नेट बँकिंगची दैनिक मर्यादा गरजेपुरतीच ठेवणे यानेही नुकसान आटोक्यात राहते.

बँकेच्या खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याची भूमिकाही मोलाची आहे. वयोवृद्ध ग्राहक घाईघाईने मुदत ठेव मोडून अनोळखी खात्यात पैसे पाठवू लागला, तर कर्मचाऱ्याने विचारलेला एक प्रश्न त्याची पुंजी वाचवू शकतो. अशा चौकशीचा ग्राहकांनीही राग मानू नये.

फसवणूक झाल्यावर अनेक जण महिनोन्महिने गप्प राहतात. मुले काय म्हणतील, नातेवाईक हसतील, ही भीती त्यांना तक्रारीपासून रोखते. तेवढ्या अवधीत पैसा हाताबाहेर जातो आणि तेच खाते, तोच क्रमांक दुसऱ्या कुटुंबाला फसविण्यासाठी वापरला जातो. घरातील एखाद्याने 'मी फसलो' असे सांगण्याचे धैर्य दाखविले, तर त्याला प्रथम दोष न देता त्याच्या शेजारी बसून १९३० क्रमांक फिरविणे हे त्या क्षणी घरच्यांचे काम आहे.